गच्चीवर पाणी साचतंय, चार-चार दिवस हटत नाही (नेरूळ, रो हाउस)

शुभदा_नेरूळ | ९ जुलै २०२४

नमस्कार मंडळी. वाचक म्हणून इथे बरीच वर्षं आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. मदत हवी आहे.

आमचं नेरूळला रो हाउस आहे. खालचा भाग सिडकोचा, वरचा मजला सासऱ्यांनी २००३ साली चढवला. वर सपाट गच्ची, २४ फूट बाय १९ फूट. पाणी जायला एकच तोंड, मागच्या कोपऱ्यात, तीन इंची पाइप. २०१९ मध्ये गळायला लागलं म्हणून जुन्या कोब्यावरच (स्लॅबवरचा विटांच्या तुकड्यांचा थर) चायना मोझॅक, म्हणजे फरशीच्या तुकड्यांचा थर, घालून घेतलं. गळती दोनेक वर्षं थांबली, पण तेव्हापासून पुढच्या कोपऱ्यात, टाकीच्या पायाशी पाणी साचायला लागलं. काल पहाटेच्या पावसानंतर तिथे चांगलं दोन बोटं पाणी होतं. पाऊस उघडला तरी ते तीन-चार दिवस तसंच राहतं, आणि तेवढ्यात पुढची सर येते.

त्याच कोपऱ्याखाली सासूबाईंची खोली आहे. छताला जेवणाच्या ताटाएवढा ओलीचा डाग पडलाय, पोपडे त्यांच्या अंथरुणावर पडतात. गेल्या वर्षी आमच्या ओळीतल्या एका मुलीला डेंग्यू झाला. तेव्हा महापालिकेची माणसं सगळ्या गच्च्या बघून गेली. आमच्या पाण्यात अळ्या सापडल्या. ती मुलगी आमच्याकडे खेळायला येते. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

दोन ठेकेदार येऊन गेले. एक म्हणतो सगळ्या गच्चीला केमिकलचा कोट मारू, दहा वर्षांची गॅरंटी. दुसरा म्हणतो वर पत्रे घाला, विषय संपला. दोघांपैकी कुणीही गच्चीवर दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबलं नाही. भर पावसात आत्ता काय करता येईल आणि पावसाळ्यानंतर काय करावं, दोन्ही सांगा.

सानपाडाकर | ९ जुलै २०२४

कोटवर पैसे घालू नका, हे आधी सांगतो. आम्ही २०२१ मध्ये मारून घेतला. पांढरा, रबरासारखा, दिसायला सुंदर. जिथे पाणी वाहून जात होतं तिथे तो आजही चांगला आहे. जिथे साचत होतं तिथे दुसऱ्याच पावसाळ्यात फुगे आले आणि हाताने सोलून निघाला. ठेकेदाराला बोलावलं तर म्हणाला, पाणी साचल्यामुळे झालं, ते गॅरंटीत बसत नाही. पाणी साचतं म्हणूनच तर त्याला बोलावलं होतं.

मंजिरी_नौपाडा | ९ जुलै २०२४

शुभदाताई, मोठी दुरुस्ती होईल तेव्हा होईल, आजचं पाणी आजच काढा. आम्ही ठाण्याला दोन पावसाळे हेच केलं.

बागेला पाणी घालायचा पाइप घ्या, एक इंची मिळाला तर उत्तम. तो नळाला लावून पूर्ण भरा, आत हवा राहायला नको. दोन्ही टोकं अंगठ्याने दाबा. एक टोक डबक्यात सगळ्यात खोल जागी विटेखाली अडकवा, दुसरं कठड्यावरून खाली सोडा, खालच्या माणसाने अंगठा काढला की पाणी आपोआप खेचलं जातं. खालचं टोक वरच्यापेक्षा खाली असलं की झालं. वीज नाही, पंप नाही. वरच्या टोकाला चहाची जुनी गाळणी बांधा, नाहीतर शेवाळ अडकून बंद पडतो. शेवटचा बोटभर थर राहतो, तो वायपरने तोंडाकडे ढकलायचा आणि जुन्या टॉवेलने टिपायचा.

पंप लावायचाच असेल तर ज्या लाइनवर गळती-करंट तोडणारा ब्रेकर आहे तिच्यावरच लावा, आणि ओल्या गच्चीवर पंप चालू असताना पाण्यात उभं राहू नका.

डासांचं म्हणाल तर डेंग्यूचा डास मुख्यतः स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणतात. डबकं दर चार दिवसांनी रिकामं केलंत तर ती साखळी तुटते. मात्र कोपरा खराट्याने घासा, कारण अंडी काठाला चिकटतात आणि कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात.

ओळंबा | १० जुलै २०२४

मी स्थापत्य अभियंता, आता निवृत्त. ठाणे आणि नवी मुंबईच्या गच्च्यांवर बरेच उन्हाळे-पावसाळे काढले आहेत.

शुभदाताई, तुमच्या पोस्टमध्ये दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि दोन्ही ठेकेदारांनी त्यांची एकच केली. पाणी साचतं ही ढाळाची तक्रार. छत ओलं होतं ही गळतीची. बहुतेक वेळा पहिलीतून दुसरी जन्मते, पण नेहमीच नाही. कोट हा गळतीवरचा इलाज आहे, त्याने गच्चीचा उतार बदलत नाही. सानपाडाकरांचा कोट बहुधा अ‍ॅक्रिलिकचा असणार. असे बरेच कोट सतत पाण्याखाली राहिले की मऊ पडतात. डब्यावरच्या बारीक अक्षरांत ते लिहिलेलंही असतं.

आता मी प्रश्न विचारतो, तुम्ही उत्तरं आणा.

पाऊस थांबल्यावर साध्या खडूने नाही, गेरूने पाण्याच्या काठाकाठाने रेघ ओढा. बारा तासांनी पुन्हा, चोवीस तासांनी पुन्हा, अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा. प्रत्येक वेळी सगळ्यात खोल जागी स्टीलची पट्टी उभी धरून खोली मोजा. अठ्ठेचाळीस तासांनंतर जे उरतं ते साचलेलं पाणी म्हणायचं. त्याआधी आटतं ते मी फार मनावर घेत नाही.

गवंड्याकडे पाण्याची लेव्हल असते, ती पारदर्शक नळी. ती एक दिवस मागून आणा. पाइपचं तोंड, डबक्याचा तळ आणि या दोघांच्या मध्ये जी सगळ्यात उंच जागा असेल ती, या तिघांच्या उंचीतला फरक मला मिलिमीटरमध्ये सांगा.

टाकीचे नळ गच्चीवरून कसे गेलेत? उघडे की कोब्यात गाडलेले?

आणि शेवटचा, सगळ्यात महत्त्वाचा: छतावरचा डाग मार्च-एप्रिलमध्ये पूर्ण वाळतो का?

पावसात छिन्नी-हातोडा लावू देऊ नका. कोबा उघडला की विटांच्या तुकड्यांत पाणी शिरतं, आणि ते ऑक्टोबरपर्यंत खाली झिरपत राहतं.

कोपरी_विनय | १० जुलै २०२४

एक भीती विचारतो. एवढं पाणी साचलं तर स्लॅब पडू शकतो का? आमच्याही गच्चीवर साचतं, आई रात्री झोपत नाही.

ओळंबा | १० जुलै २०२४

आईंना असं सांगा. एक चौरस मीटरवर एक सेंटिमीटर पाणी म्हणजे दहा लिटर, म्हणजे दहा किलो. जिथे माणसं वावरतात अशी सपाट गच्ची आपल्याकडे भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला दीडशे किलोच्या जादा भारासाठी धरतात. दोन बोटं पाणी म्हणजे चाळीस किलो. सळया शाबूत असलेल्या स्लॅबला तेवढं काही होत नाही.

खरी भीती वेगळी आहे. पाइपचं एकुलतं एक तोंड प्लास्टिकच्या पिशवीने बंद झालं आणि तुम्ही गावाला असलात, तर गच्ची हौद होते. कठडा तीन फूट असेल तर काठोकाठ भरल्यावर चौरस मीटरला नऊशे किलो. त्यासाठी गच्ची बांधलेली नसते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, म्हणजे जवळजवळ तेवढाच, तीन फूट. म्हणून एका तोंडाच्या गच्चीला कठड्यात फरशीपासून तीन इंचांवर एक जादा भोक हवंच. तोंड बंद पडलं की पाणी तिथून बाहेर पडतं, आणि दारासमोर धार दिसली की घरातल्यांना कळतं की वर काहीतरी अडकलंय.

छताला खालून सळईच्या रेषेत तडे असतील, गंजाचे तांबूस ओघळ असतील, काँक्रीट फुगून सुटत असेल, तर मात्र पाण्याचा हिशोब सोडा आणि आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. इमारत तीस वर्षांपुढची असेल तर महापालिका अधिनियमाप्रमाणे स्ट्रक्चरल ऑडिट तसंही करावंच लागतं.

घोडबंदर_समीर | ११ जुलै २०२४

दुसऱ्या ठेकेदाराने सांगितलेले पत्रे घालायला काय हरकत आहे? आमच्या सोसायटीने घातले, वरच्या मजल्याची गळती शून्य.

सानपाडाकर | ११ जुलै २०२४

समीर, सोसायटीच्या मोठ्या गच्चीवर ठीक आहे, तेही पालिकेची परवानगी काढून. रो हाउसला शेजाऱ्याची भिंत लागून असते. आमच्या गल्लीत एकाने घातले, त्याच्या पत्र्याचं पाणी शेजाऱ्याच्या गच्चीवर पडायला लागलं आणि दोन घरांचं बोलणं बंद झालं. शिवाय पन्हळ लावून ते पाणी आणणार कुठे? त्याच एका तीन इंची पाइपमध्ये. वादळात उडाले तर दुसऱ्याच्या जिवावर. गच्ची वाळवणाला, कपड्यांना राहत नाही ते वेगळंच.

घोडबंदर_समीर | ११ जुलै २०२४

पाणी शेवटी त्याच पाइपला जाणार, हे लक्षात आलं नव्हतं. मान्य.

वर्तकनगर_ज्योती | १२ जुलै २०२४

थोडं अवांतर होतंय, पण विचारते. आम्ही सोसायटीत सर्वात वरच्या मजल्यावर. गच्चीवर पाणी साचतं, आमचं छत गळतं. सचिव म्हणतात तुमचं घर गळतंय, तुम्ही करा. सोसायटी पैसे देणार नाही.

मंजिरी_नौपाडा | १२ जुलै २०२४

ज्योती, गच्ची सगळ्यांची असते. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये संस्थेने स्वतःच्या खर्चाने करायच्या दुरुस्त्यांची यादी आहे. त्यात छताची दुरुस्ती आणि पावसाच्या पाण्याने होणारी गळती स्पष्ट लिहिलेली आहे. तुमच्या संस्थेने स्वीकारलेल्या उपविधींची प्रत काढा, त्या कलमावर खूण करा आणि लेखी अर्जासोबत जोडून द्या. पोच घ्यायला विसरू नका. तोंडी बोलण्यात आमची दोन वर्षं गेली. अर्ज दिल्यावर पुढच्याच सभेत विषय आला.

चरईचे_आजोबा | १३ जुलै २०२४

तुमची चर्चा वाचून आमचा जुना वाडा आठवला. आता तिथे टॉवर आहे. लहानपणी गच्चीचा कोबा घालताना पाहिला होता, चुन्याचा. विटांची खडी आणि चुना पसरायचा, वर गुळाचं आणि हिरड्याचं पाणी शिंपडायचं, आणि बायका ओळीने बसून लाकडी थापीने ठोकायच्या. दिवसच्या दिवस तो एका लयीतला आवाज चालायचा. मुकादम रोज संध्याकाळी एक कळशी पाणी वरच्या कोपऱ्यात ओतायचा आणि पन्हळापर्यंत त्याच्यासोबत चालत जायचा. जिथे पाणी थांबलं तिथे दुसऱ्या दिवशी पुन्हा ठोकणं. चुना ओला असेपर्यंतच त्याची चूक सुधारता येते, म्हणून रोज. आजच्या गवंड्यांना एवढी एक कळशी ओतायला सांगा.

शुभदा_नेरूळ | १८ जुलै २०२४

सगळ्यांचे मनापासून आभार. मंजिरीताई, पाइपची युक्ती पहिल्या प्रयत्नात जमली नाही, आत हवा राहिली होती. दुसऱ्यांदा चाळीस मिनिटांत डबकं बोटभर उरलं. मुलाने टिपून काढलं. आता दर तीन दिवसांनी करतो.

ओळंबाकाका, मधे दोन दिवस पाऊस थांबला, तेव्हा मी आणि मुलाने मोजमाप केलं. शेजारच्या बांधकामावरच्या गवंडीदादांनी नळी दिली आणि कशी धरायची तेही दाखवलं.

डबकं साधारण ९ फूट बाय ७ फूट. पाऊस थांबल्या-थांबल्या सगळ्यात खोल जागी ४५ मिलिमीटर. चोवीस तासांनी ४२. अठ्ठेचाळीस तासांनी ३८.

डबक्याचा तळ शून्य धरला तर पाइपचं तोंड त्याच्यापेक्षा ३० मिलिमीटर उंच आहे! आणि दोघांच्या मध्ये गच्चीच्या रुंदीभर एक उंचवटा आहे, तो ४५ मिलिमीटर उंच. तो उंचवटा म्हणजे टाकीचे नळ. २०१९ ला ते मोझॅकखाली गाडले, वरून दिसू नयेत म्हणून. मीच तेव्हा म्हणाले होते की पाय अडकतो, झाकून टाका.

डाग एप्रिलमध्ये वाळतो का, याचं उत्तर देता येत नाही. यंदा एप्रिलमध्ये रंग दिला होता, तो जूनच्या आधीच फुगला. तेव्हा आम्ही रंगाला दोष दिला.

ओळंबा | १८ जुलै २०२४

शाबास. दोन ठेकेदारांनी जे केलं नाही ते तुम्ही मायलेकांनी केलंत.

आता नीट बघा. उंचवटा फोडला तरी ३० मिलिमीटर पाणी राहणारच, कारण तोंडच वर आहे. २०१९ मध्ये मोझॅकचा थर तोंडापाशी जाड बसला आणि मूळचा ढाळ गेला. मागच्या तोंडाकडे पुन्हा ढाळ द्यायचा तर १०० ला १ या हिशोबाने २४ फुटांत ७३ मिलिमीटर, अधिक हे ३०. म्हणजे पुढच्या बाजूला चार इंच भर. ती मागे उतरत शून्यावर आणली, सरासरी दोन इंच धरली, तरी तुमच्या ४२ चौरस मीटरवर दोन घनमीटरच्या वर माल. चार टनांच्या आसपास वजन, कायमचं, आणि तेही जुना कोबा आणि मोझॅक यांच्यावर तिसरा थर म्हणून. साचलेल्या दीडशे लिटर पाण्यासाठी मी ते कधीच करणार नाही. पूर्ण कोबा काढून नवा घालणं बरोबर, पण खर्चिक, आणि खालचा स्लॅब चांगला असेल तर अनावश्यक.

आता दुसरा आकडा. ताशी १०० मिलिमीटर पाऊस धरला, आणि आपल्याकडे तेवढ्या सरी येतात, तर तीन इंची पाइप साधारण वीस चौरस मीटर गच्ची सांभाळतो. चार इंची साधारण बेचाळीस. तुमची गच्ची बेचाळीस आहे आणि पाइप तीन इंची. म्हणजे ढाळ उत्तम असता तरी तुमचा पाइप निम्माच पुरला असता. दुसरं तोंड तुम्हाला तसंही हवंच आहे.

मग ते जिथे पाणी जमतं तिथेच काढा. पुढच्या कोपऱ्यात कठड्यातून चार इंची तोंड, बाहेर पाइप, खाली पावसाळी गटारात. सांडपाण्याच्या लाइनला जोडू नका. कोबा चार इंच जाड असेल तर पाइपचा तळ कोब्याच्या पोटात बसतो, स्लॅबला हात लागत नाही. कठड्याच्या तळाशी उलटा बीम (स्लॅबच्या वर आलेला) नाही ना, कॉलम नाही ना, हे आधी बघायचं, आणि भोक कोअर कटिंगच्या मशीननेच (फिरत्या पात्याने गोल कापणाऱ्या) पाडायचं. हातोड्याने पाडलेल्या भोकाभोवती कठडा हलतो आणि पुढची गळती तिथूनच सुरू होते.

एप्रिलमध्ये दिलेल्या आणि पावसाआधीच फुगलेल्या रंगाबद्दल माझा संशय नळांवर आहे. गाडलेला लोखंडी नळ गंजला तर बारा महिने गळतो. पाऊस गेल्यावर रात्री टाकीचा कॉक बंद करा, पाण्याच्या पातळीवर खूण करा, सकाळी बघा. मग कॉक उघडा ठेवून, घरातले सगळे नळ बंद करून तेच करा.

कोपरी_विनय | १९ जुलै २०२४

आम्हीही मोजलं. आमचं तोंड खालीच आहे, जाळीवर सिमेंटचा थर चढलेला निघाला. खरवडून काढला. पाणी गेलं. दोन वर्षं आई जागी होती.

शुभदा_नेरूळ | २४ नोव्हेंबर २०२४

दिवाळी झाली, वर सगळं कोरडं आहे. टाकीची परीक्षा दोनदा केली. कॉक बंद असताना पातळी जागची हलत नाही. कॉक उघडा, घरातले नळ बंद, तर सकाळपर्यंत दीड बोट उतरते. पाऊस नसतानाही डाग ओला आहे. काका, तुमचा संशय खरा निघाला. पाच वर्षं आम्ही पावसाला बोल लावत होतो.

आणखी एक. शेजारच्या काकांच्या टाकीचा ओव्हरफ्लो आमच्या बाजूला पडत होता. भिंत समाईक, त्यांना माहीतच नव्हतं. मी गेरूची रेघ दाखवली, त्यांनी त्याच आठवड्यात प्लंबर आणून पाइप फिरवून घेतला.

शुभदा_नेरूळ | १६ मार्च २०२५

काम झालं. सविस्तर लिहिते, कारण शोधताना मला असं लिहिलेलं कुठे सापडलं नव्हतं.

पहिल्या दिवशी नळांचा उंचवटा फोडला. खाली तीन नळ, मधला लोखंडी, हात लावल्यावर पापुद्रे निघाले. सुतळीच्या टोकाएवढं छिद्र, त्यातून बारीक धार. ती सासूबाईंना वर आणून दाखवली. आता तिन्ही नळ नवे, प्लास्टिकचे, विटांएवढ्या ठोकळ्यांवर उघडे ठेवलेत. खालून पाणी जातं आणि गळले तर दिसतील. पाय अडकतो तिथे ओलांडून जायचं, ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी कोअर कटिंग. कठडा विटांचा निघाला, तळाशी बीम नव्हता. पाऊण तासात स्वच्छ गोल भोक. गवंडीदादांनी तोंडाभोवती हातभर चौकोनात मोझॅक काढून अर्धा इंच खोलगट वाटी केली, म्हणजे पाणी आधी वाटीत उतरतं आणि मग पाइपमध्ये. इथे एक वाद झाला. त्यांना वाटीच्या कडेला माल निमुळता करून शून्यावर आणायचा होता. काकांनी व्यनित (खासगी निरोपात) बजावलं होतं की निमुळती कड पहिल्याच उन्हाळ्यात तडकून सुटते. म्हणून कटरने सरळ रेघ कापून घेतली, आतला भाग दहा मिलिमीटर खोल खरवडला, धुतला, लेटेक्स मिसळलेली सिमेंटची स्लरी घासली आणि ती ओली असतानाच लेटेक्सचा माल भरला. उंचवट्याच्या जागीही तसंच.

कठडा आणि फरशीच्या सांध्यात चारही बाजूंनी नवा वाटा (सांधा झाकणारी गोलसर सिमेंटची पट्टी) मारला. जुना जागोजागी सुटला होता, आत बोट जात होतं. नवीन कामावर आठ दिवस पोती ओली ठेवली. तीन इंच उंचीवर जादा पाण्याचं दोन इंची भोक पुढच्या बाजूला काढलं, त्याचा तुकडा भिंतीपासून चांगला वीतभर बाहेर, म्हणजे ओघळ प्लास्टरवर येत नाही. ते आमच्याच अंगणात पडतं, मीटरच्या पेटीपासून लांब.

मग चरईच्या आजोबांची कळशी. गवंडीदादा आधी हसले, पण ओतल्यावर तेच वाकून बघायला लागले. दोन ठिकाणी पाणी थबकलं. त्यांनी स्वतःहून त्या जागा घासून दिल्या. शेवटी दोन्ही तोंडं बंद करून बहात्तर तास इंचभर पाणी साठवलं. खाली छत कोरडं.

केमिकलचा कोट कुठेच मारला नाही. खर्च पहिल्या ठेकेदाराने सांगितलेल्या रकमेच्या निम्म्याहून कमी झाला. डाग आता वाळतोय, कडेला पांढरा खार फुटलाय. रंग पुढच्या वर्षी.

ओळंबा | १७ मार्च २०२५

वाचून समाधान वाटलं. गवंडीदादांना माझा नमस्कार सांगा.

खार ब्रशने कोरडाच झाडा, पाण्याने पुसू नका, पुन्हा आत जातो. दोन्ही तोंडांना घुमटासारखी उंच जाळी लावा. सपाट जाळीवर एक पिंपळाचं पान पडलं तरी ती बंद होते. घुमटाला खालून पानं लागली तरी वरून पाणी जातं. पिंपळ-वडाचं रोप दिसलं तर ते दोन पानांचं असतानाच मुळासकट काढा, वरून खुडलं तर मूळ सांध्यात जाड होत राहतं. आणि सफाई मेच्या पहिल्या पंधरवड्यातच उरका.

शुभदा_नेरूळ | २७ मे २०२५

मेच्या पहिल्या पंधरवड्यात करा म्हणालात ते किती बरं झालं. काल, २६ मेलाच मान्सून मुंबईत दाखल झाला. आमची सफाई दहा तारखेला झाली होती. गल्लीत अजून तीन घरांच्या गच्च्यांवर सिमेंटच्या गोण्या पडल्यात.

काल पाऊस चालू असताना छत्री घेऊन वर उभी राहिले. पुढचा अर्धा भाग नव्या तोंडाकडे, मागचा जुन्याकडे. सर थांबल्यावर घड्याळ लावलं. पंचवीस मिनिटांत गच्ची ओली होती, पण पाणी नव्हतं. टाकीच्या पायाशी तळहाताएवढं डबकं उरलं, नखभर खोल. ते आज दुपारी आपोआप वाळलं. सासूबाईंनी पलंग पुन्हा त्यांच्या कोपऱ्यात सरकवून घेतला.

मंजिरी_नौपाडा | २७ मे २०२५

शुभदाताई, किती छान! जाळी कशाची घेतलीत? आणि किती दिवसांनी साफ करता?

शुभदा_नेरूळ | २८ मे २०२५

बिडाची घेतली, जड आहे, वाऱ्याने हलत नाही. प्लास्टिकची हलकी मिळते, पण कावळे उचलून नेतात असं दुकानदारच म्हणाला. सफाई दर रविवारी, आणि मोठी सर येऊन गेली की त्याच दिवशी. आज सकाळी गुलमोहराच्या पाकळ्यांचा लगदा आणि दुधाची एक पिशवी निघाली. पिशवी जाळीला पूर्ण गुंडाळली गेली होती, तरी वरच्या फटींतून पाणी जात होतं.